'विंड' की 'वाइंड'? वाऱ्याच्या इंग्रजी शब्दांचे उच्चार आणि नेमके अर्थ

फळा-खडू (प्रश्न)

मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गासाठी वाऱ्याशी संबंधित इंग्रजी शब्दांचा तक्ता करतो आहे. भूगोल आणि इंग्रजी दोन्ही तासांना उपयोगी पडावा असा विचार आहे. पुढच्या ठिकाणी गाडी अडली आहे.

१. डब्ल्यू-आय-एन-डी हे स्पेलिंग कधी 'विंड' वाचतात, कधी 'वाइंड'. वाचताना मुलांनी कशावरून ओळखायचं?

२. ब्रीझ, गस्ट, स्क्वॉल, गेल, स्टॉर्म. कोशात ब्रीझ सोडून बाकी सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने 'जोराचा वारा' असंच लिहिलं आहे. यांत खरा फरक काय?

३. डोंगराच्या पर्जन्यछायेच्या बाजूला पुस्तकात 'लीवर्ड' म्हटलंय. एका माहितीपटात तोच शब्द 'लूअर्ड' असा ऐकू आला. बरोबर कोणता?

४. डी-आर-ए-यू-जी-एच-टी. हे 'ड्रॉट' की आणखी काही?

५. 'विंड व्हेन' (वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र) म्हणताना मुलं दोन्ही शब्दांना एकच 'व' लावतात. फरक तोंडात कसा बसवायचा?

स्वरव्यंजन

पहिला आणि पाचवा प्रश्न मी घेतो.

'नाम असेल तर विंड, क्रियापद असेल तर वाइंड' असा नियम बऱ्याच मार्गदर्शिकांत असतो. मुलांना तो देऊ नका, कारण पुढे तो फसतो. त्याऐवजी अर्थावर खूण ठेवा: हवा किंवा श्वास असेल तर विंड; पीळ, वळसा किंवा गुंडाळी असेल तर वाइंड. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग योगायोगाने सारखं झालं.

वाइंडची उदाहरणं मुलांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगच्या दुकानाची पाटी असतेच. जळालेल्या पंपाची जुनी तार काढून स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत नवी तांब्याची तार गुंडाळतात, ते हेच वाइंडिंग. घाटातला वळणावळणाचा रस्ता म्हणजे वाइंडिंग रोड. जुन्या घड्याळाला चावी देणं म्हणजे वाइंड करणं, कारण आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. कंपनी वाइंड अप करणं म्हणजे आपल्याकडचं गाशा गुंडाळणं. गुंडाळण्याची कल्पना दोन्ही भाषांत तीच आहे, हे मुलांना जरूर दाखवा.

आता नियम फसतो ती जागा. धावताना पोटात कोपर बसून श्वास अडकला तर इंग्रजीत तो माणूस 'विंडिड' झाला म्हणतात. इथे शब्द क्रियापदापासून आला आहे, तरी उच्चार ऱ्हस्व 'वि'चाच, कारण अर्थ श्वासाचा. ब्रिटिश इंग्रजीत तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला लावणं हेसुद्धा 'विंड' करणं. पोटात वायू धरला तरी तिथे 'विंड' म्हणतात. आपल्या 'वात'सारखीच ही गोष्ट.

भूतकाळात तिसरा शब्द येऊन धडकतो. वाइंडचं भूतकाळी रूप 'वाउंड'. जखमेचा शब्द त्याच स्पेलिंगचा, पण उच्चार 'वूंड'. फळ्यावर एकच वाक्य लिहा: द नर्स वाउंड अ बँडेज राउंड द वूंड. दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतलं की गोंधळ संपतो.

फाइंड, माइंड, काइंड, बाइंड या सगळ्यांत 'आइ' आहे, मग वाऱ्याच्याच शब्दात का नाही? तिथेही होता. जुन्या इंग्रजी कवितांत वाऱ्याचं यमक 'काइंड', 'बिहाइंड' यांच्याशी जुळवलेलं दिसतं. मग बोलण्यात ऱ्हस्व उच्चार टिकला. विंडमिल, विंडी अशा लांब शब्दांत स्वर आखूड होतो आणि त्याचा परिणाम सुट्या शब्दावर झाला, असं भाषाभ्यासक मानतात. त्यामुळे जुनी कविता वाचताना यमकाच्या जागी 'वाइंड' ऐकू आलं तर ती चूक समजू नका.

आता 'व'. आपला मराठी 'व' इंग्रजीच्या दोन ध्वनींच्या मधोमध बसतो. म्हणून दोन्हीकडे तोच वापरला जातो आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बनियन ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मराठीत लिहिताना आपण डब्ल्यूला 'व' आणि व्हीला 'व्ह' लिहितो. लेखनापुरतं ते ठीक आहे. पण मुलं त्यातला 'ह' खरंच उच्चारतात आणि 'व्हेन' म्हणताना श्वासाचा फुसकारा सोडतात. तो ध्वनी इंग्रजीत नाही.

व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवा आणि आवाज चालू ठेवा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. डब्ल्यूसाठी दात ओठाला अजिबात लागू द्यायचे नाहीत. 'उ' म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करा आणि तिथून पुढच्या स्वरावर झटकन उघडा. सुरुवातीला सावकाश 'उ-इंड', 'उ-एस्ट' म्हणवून घ्या आणि मग वेग वाढवा. समोर छोटा आरसा असला की तपासणं सोपं: व्हीला वरचे दात दिसतात, डब्ल्यूला दिसत नाहीत. 'विंड व्हेन' ही जोडी सरावाला उत्तम आहे, कारण तोंडाला दोन शब्दांत दोन्ही जागा बदलाव्या लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी शिकवताना सहसा सुटते. मराठीत 'विंड' लिहिलं की 'ड'च्या आधीचा अनुस्वार आपोआप 'ण्' होतो आणि जीभ मागे वळते: 'विण्ड'. इंग्रजीत जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकतं, 'न्' आणि 'ड' दोन्हींसाठी तिथेच. 'विन्ड' असं मनात ठेवून म्हटलं की निम्मा मराठी ठसा उतरतो.

वेधशाळा-वाचक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विशेषणांत शोधू नका, आकड्यांत आहे. हे शब्द वाऱ्याच्या वेगावरून आणि तो किती वेळ टिकतो त्यावरून ठरतात.

ब्रीझ, गेल, स्टॉर्म हे टिकून वाहणाऱ्या वाऱ्याचे शब्द. ते ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली मांडलेल्या श्रेणीतून स्थिर झाले. उच्चार 'बोफर्ट', 'ब्यूफोर्ट' नव्हे. मूळ श्रेणीत वेगाचे आकडे नव्हते. किती वाऱ्यात युद्धनौकेने किती शिडं उघडी ठेवायची, यावर ती बेतली होती. वेग नंतर जोडले गेले. आज वापरतात ते असे, ताशी किलोमीटरमध्ये (श्रेणी १ सोडून):

० काम: १ पेक्षा कमी, धूर सरळ वर जातो
२ लाइट ब्रीझ: ६ ते ११, वारा चेहऱ्याला जाणवतो, पानं सळसळतात
३ जेंटल ब्रीझ: १२ ते १९, हलका झेंडा फडकत राहतो
४ मॉडरेट ब्रीझ: २० ते २८, धूळ आणि कागद उडतात
५ फ्रेश ब्रीझ: २९ ते ३८, लहान झाडं डोलतात
६ स्ट्राँग ब्रीझ: ३९ ते ४९, मोठ्या फांद्या हलतात, छत्री आवरत नाही
७ निअर गेल: ५० ते ६१
८ गेल: ६२ ते ७४, डहाळ्या मोडतात, वाऱ्याविरुद्ध चालणं कठीण
९ स्ट्राँग गेल: ७५ ते ८८
१० स्टॉर्म: ८९ ते १०२
११ व्हायोलंट स्टॉर्म: १०३ ते ११७
१२ हरिकन: ११८ आणि पुढे

शून्याचा शब्द 'काल्म' नाही, 'काम'. त्यातला एल बहुतेक इंग्रज उच्चारत नाहीत.

यावरून दिसेल की ब्रीझला सरसकट 'मंद झुळूक' म्हणणं चूक आहे. झुळूक म्हणजे श्रेणी २ किंवा फार तर ३. स्ट्राँग ब्रीझमध्ये छत्री उलटी होते, त्याला आपण वाराच म्हणतो, झुळूक नाही.

गस्ट आणि स्क्वॉल या शिडीच्या पायऱ्या नाहीत. गस्ट म्हणजे झोत: वाहत्या वाऱ्याचा वेग काही सेकंदांसाठी उसळतो आणि उतरतो. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्यात 'ताशी ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत' असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे सरासरीचे, तिसरा गस्टचा. ही सरासरी आपलं हवामान खातं ३ मिनिटांची घेतं, अमेरिकेत १ मिनिटाची घेतात. त्यामुळे एकाच वादळाचे दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कुणाला खोटं ठरवू नये.

स्क्वॉलला मात्र किमान वेळ लागतो. वारा अचानक सेकंदाला निदान ८ मीटरने वाढून ११ मीटर किंवा त्यापुढे गेला आणि किमान एक मिनिट टिकला, तर तो स्क्वॉल. ११ मीटर म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर (सेकंदाच्या मीटरला ३.६ ने गुणायचं). वळवाच्या पावसाआधी आभाळ काळं होऊन एकाएकी सोसाट्याचा वारा सुटतो, पत्रे वाजायला लागतात आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत होतं, तो स्क्वॉल. मुलांना याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

शीड-सुकाणू

लीवर्ड आणि लूअर्ड दोन्ही बरोबर. भूगोलाच्या वर्गात 'लीवर्ड' म्हणा. जहाजावरचे लोक 'लूअर्ड' म्हणतात आणि स्पेलिंग तेच ठेवतात. 'ली' म्हणजे आडोसा. वारा जिथून येतो ती बाजू विंडवर्ड, आडोशाची ती लीवर्ड. पुस्तकातले वाताभिमुख आणि वातविन्मुख हे शब्द जड वाटत असतील तर महाबळेश्वर आणि वाई घ्या: नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना पाऊस टाकतात आणि उतारावरच्या वाईला त्याचा थोडाच हिस्सा मिळतो.

दिशेचे शब्द तक्त्यात नक्की घाला, परीक्षेत गुण तिथेच जातात. 'वेस्टर्ली विंड' म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. 'वेस्टवर्ड' म्हणजे पश्चिमेकडे जाणारा. शब्द एकाच मुळाचे, दिशा उलट्या. मराठीतही 'नैऋत्य मोसमी वारे' नैऋत्येकडूनच येतात, त्यामुळे पहिला शब्द आपल्या सवयीत बसतो. वारा जिथून येतो त्यावरून त्याचं नाव, आणि प्रवाह, जहाज, माणूस जिकडे जातात त्यावरून त्यांची दिशा.

ऑनशोअर वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, ऑफशोअर जमिनीवरून समुद्राकडे जातो. दिवसाच्या खाऱ्या वाऱ्यांना सी ब्रीझ आणि रात्रीच्या मतलई वाऱ्यांना लँड ब्रीझ म्हणतात, ही जोडी याच्याच शेजारी लिहा. मात्र 'ऑफशोअर विंड फार्म' म्हणजे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्या. तिथे 'ऑफशोअर' जागेला लागतो, वाऱ्याच्या दिशेला नाही.

हवामानवृत्तात वारा 'व्हिअर' झाला म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळला, जसं दक्षिणेकडून नैऋत्येकडे. 'बॅक' झाला म्हणजे काट्यांच्या उलट. पहिल्या शब्दाला दातांचा व्ही आहे, स्वरव्यंजन यांनी सांगितला तो.

हेडविंड समोरचा वारा, टेलविंड पाठचा, क्रॉसविंड आडवा. विमान शक्यतो हेडविंडमध्ये उडवतात आणि उतरवतात, कारण पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि धावपट्टी कमी लागते. अर्थविषयक बातम्यांत मात्र हेडविंड म्हणजे अडथळे.

ट्रेड विंड्स म्हणजे व्यापारी जहाजांना उपयोगी वारे, म्हणून व्यापारी वारे. हेही तक्त्यात घ्या.

जुना-कोश

शीड-सुकाणू यांचं बाकी सगळं मान्य, शेवटच्या ओळीत दुरुस्ती हवी. 'ट्रेड'चा जुना अर्थ वाट, मार्ग, ठरलेली चाल असा होता. 'ब्लो ट्रेड' म्हणजे एकाच दिशेने सतत वाहणं. व्यापाराचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला आणि 'व्यापारी वारे' हे आपलं भाषांतर त्या नंतरच्या अर्थावरून झालं. पाठ्यपुस्तकात तोच शब्द आहे, तेव्हा बदलू नका, पण मुलांना मूळ सांगा.

असे आणखी काही शब्द मराठी मुलांना जवळचे वाटतील.

मॉन्सून हा शब्द अरबी 'मौसिम'वरून पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. आपला 'मोसम' त्याच अरबी शब्दाचा. आघात दुसऱ्या भागावर द्यायचा: मॉन्-सून.

'सायक्लोन' हा शब्द १८४० च्या दशकात कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी घडवला. ग्रीकमधल्या चक्राच्या, वेटोळ्याच्या कल्पनेवरून. बंगालच्या उपसागरातली वादळं अभ्यासताना हा शब्द जन्माला आला, हे आपल्याकडच्या मुलांना ठाऊक असायला हवं. हरिकेन, टायफून, सायक्लोन ही एकाच जातीच्या वादळाची समुद्रागणिक नावं आहेत: अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, हिंदी महासागरात सायक्लोन. ब्रिटिश 'हरिकन' म्हणतात, अमेरिकन 'हरिकेन'. टॉर्नेडो मात्र वेगळा: जमिनीवर ढगातून उतरणारा अरुंद भोवरा. उन्हाळ्यात माळरानावर फिरते ती वावटळ म्हणजे डस्ट डेव्हिल. ती ढगातून उतरत नाही, तापलेल्या जमिनीवरून वर उठते.

'विंडो' हा जुन्या नॉर्स भाषेतला 'वाऱ्याचा डोळा'. संस्कृतात 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. खिडकीसाठी दोन्हीकडे वारा आणि डोळा सुचावा, ही मला भाषेच्या इतिहासातली फार सुंदर जागा वाटते. 'विंड' आणि 'वात' तर एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत.

'विनो' हे क्रियापदही वाऱ्याच्या शब्दापासून आलं. उंचावरून धान्य सोडून वाऱ्याने भूस वेगळं करणं, म्हणजे आपलं उफणणं. सुपाने पाखडणं वेगळं, कोशांत दोन्ही एकत्र टाकलेले असतात. स्पेलिंगमध्ये दोन एन आणि शेवटी डब्ल्यू, पण तो शेवटचा डब्ल्यू सुटा उच्चारत नाहीत.

फळा-खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. चौथ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. आणि तौक्तेसारखं नाव इंग्रजीत वाचून मुलं 'टौकटे' म्हणतात. वादळांच्या नावांना काही नियम आहे का? शिवाय पवनचक्कीला विंडमिल लिहू की विंड टर्बाइन?

वेधशाळा-वाचक

उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांची नावं १३ देशांनी दिली आहेत आणि यादीत प्रत्येक नावापुढे उच्चारही दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज करू नये, उच्चाराचा रकाना पाहावा. मे २०२१ चं तौक्ते हे म्यानमारने दिलेलं नाव, अर्थ एका प्रकारची पाल. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग हे बांगलादेशचं. ते आपण सहज वाचतो, कारण शब्द आपलाच आहे.

आपल्या खात्याचे वर्ग बोफर्टपेक्षा वेगळे आहेत. ताशी ६२ ते ८८ चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र चक्रीवादळ. निसर्ग या दुसऱ्या वर्गात होतं. बातमीत नुसतं 'स्टॉर्म' दिसलं तर कोणत्या मापाने म्हटलंय ते आधी बघा.

पठार-पवन

'मिल' म्हणजे दळणारी. धान्य दळणारी किंवा पाणी उपसणारी जुनी रचना विंडमिल. वीज करणारी ती विंड टर्बाइन. साताऱ्याच्या चाळकेवाडीला किंवा वनकुसवड्याला दिसतात त्या टर्बाइन. मराठीत दोन्हींना पवनचक्कीच म्हणतात, ते तसंच राहू द्या. ब्रिटिश 'टर्बाइन' म्हणतात, अमेरिकेत 'टर्बिन' पण ऐकू येईल.

टर्बाइनच्या खांबावरच्या डब्याला 'नसेल' म्हणतात, आघात 'सेल'वर. तो वाऱ्याकडे तोंड करून वळतो, ते 'यॉ'. पाती स्वतःभोवती कोन बदलतात, ते 'पिच'. साधारण सेकंदाला ३ ते ४ मीटर वाऱ्यावर वीज सुरू होते, तो कट-इन वेग. बऱ्याच यंत्रांत २५ मीटरच्या आसपास पाती वाऱ्याच्या धारेत वळवून ती थांबवतात, तो कट-आउट. वारा मोजायच्या यंत्राचं नाव 'ॲनिमॉमिटर', आघात मधल्या 'मॉ'वर. 'ॲनिमो-मीटर' असं तोडून म्हणू नये.

स्वरव्यंजन

चौथा प्रश्न राहिलाच होता. डी-आर-ए-यू-जी-एच-टी हे स्पेलिंग 'ड्राफ्ट' वाचायचं, लांब 'आ' ठेवून. अमेरिकन 'ड्रॅफ्ट' म्हणतात आणि स्पेलिंगही सोपं करून एफ-टी लिहितात. शब्द 'ड्रॉ' म्हणजे ओढणे यापासून आला आहे, म्हणून अर्थ लांब लांबचे वाटले तरी ओढीचा धागा सगळीकडे आहे. खिडकीच्या फटीतून ओढला जाणारा वाऱ्याचा झोत, चुलीच्या धुराड्याची ओढ, ओढकामाची जनावरं. जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग किती खोल, तेही ड्राफ्टच.

यातला ए काढून ओ टाकला की 'ड्राउट' होतो, म्हणजे अवर्षण. 'ड्रॉट' असा उच्चार दोन्हींचा नाही. तक्त्यात हे दोन शब्द एकाखाली एक लिहा आणि ए व ओ वेगळ्या रंगाच्या खडूने काढा. नाहीतर 'देअर इज अ ड्राफ्ट इन द रूम' या वाक्याचं 'खोलीत दुष्काळ आहे' असं भाषांतर हमखास येतं.

शीड-सुकाणू

'ट्रेड'ची दुरुस्ती मान्य, तक्त्यातही तशीच घ्या. वाक्प्रचारांना जागा असेल तर एवढे पुरेत: 'गेट विंड ऑफ' म्हणजे कुणकुण लागणे, 'सेकंड विंड' म्हणजे थकल्यावर पुन्हा दम येणे, 'विंडफॉल' म्हणजे वाऱ्याने आपोआप पडलेलं फळ आणि त्यावरून अचानक झालेला लाभ. २०२२ ला तेल कंपन्यांवर बसवलेल्या विंडफॉल टॅक्समध्ये हाच शब्द आहे. 'थ्रो कॉशन टु द विंड' म्हणजे सावधपणा झुगारून देणे. त्याला 'वाऱ्यावर सोडणे' लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ एखाद्याला निराधार टाकणे असा होतो. 'द विंड ड्रॉप्ट' मात्र शब्दशः आपलंच आहे: वारा पडला.